थिनरची बाटली आधी खाली ठेवा

यावेळी आलेल्या पत्रांत निम्म्या लोकांचं दुखणं एकच आहे, सोसायटीचं रंगकाम आणि खाली उभी असलेली गाडी. पाऊस थांबला की दिवाळीच्या आत बिल्डिंग चकाचक दिसायला हवी म्हणून सगळीकडे एकदम परांच्या चढतात, त्यामुळे नवल काही नाही. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यात अर्थ नव्हता म्हणून डोंबिवलीचं पत्र घेऊन त्यालाच सविस्तर लिहिलंय, बाकीच्यांनी ते आपापल्या गाडीला लावून बघा.

प्रश्न: काका, आमच्या बिल्डिंगचं बाहेरून रंगकाम चालू आहे. गाड्या हलवा अशी नोटीस लागली होती पण मी आठवडाभर गावी होतो. आल्यावर बघतो तर टप, बॉनेट आणि मागच्या काचेवर सगळीकडे पांढरे बारीक शिंतोडे, हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं लागतं. गाडी गडद निळी, चार वर्षं जुनी. दोनदा धुतली, ढिम्म फरक नाही. पेंटर म्हणतो थिनरने दोन मिनिटांत काढून देतो. करू देऊ का?
एक वाचक, डोंबिवली

उत्तर: नका करू देऊ दादा. पेंटर खोटं बोलत नाहीये, थिनरने शिंतोडे दोन मिनिटांत निघतात, पण त्यासोबत अजून काय काय निघालं ते तिसऱ्या मिनिटाला कळतं. त्या बाटलीत नेमकं काय आहे हे त्यालाही धड माहीत नसतं, सुट्टं थिनर आणलेलं असतं आणि त्यात काय काय मिसळलंय ते दुकानदारालाच ठाऊक. कंपनीतून भट्टीत भाजून आलेला रंग थोडा वेळ तरी तग धरेल, पण तुमच्या गाडीचा एखादा दरवाजा किंवा बंपर मधे कधी गॅरेजमध्ये रंगवून घेतला असेल तर तिथला रंग मऊ पडून फडक्याला येऊ शकतो. हेडलाइटचं कव्हर तर प्लास्टिकचंच, त्याला थिनर लागलं की जाळीसारख्या बारीक चिरा पडतात आणि मग नवीन लाइट घ्यायची तयारी ठेवा. आणि ते फडकं! दिवसभर त्याच्या खांद्यावर असलेलं, पुट्टी आणि सिमेंटची धूळ खाल्लेलं, त्याने तुमचा निळा टप पुसणार. थिनर परवडलं पण ते फडकं नको.

आता गाडीवर झालंय काय ते बघा. उंचावर स्प्रे गनने मारलेला रंग किंवा रोलरमधून उडालेला बारीक फवारा खाली येईपर्यंत वाऱ्यात अर्धा वाळलेला असतो. असा कण गाडीवर बसतो पण पसरत नाही, आत मुरत नाही, नुसता वर चिकटून राहतो. ताटाला वाळलेलं शीत असतं ना, अगदी तसं. ताटात शिरलेलं नसतं, पण नुसतं पाणी ओतून जातही नाही. नखाने उडवलं की टुणकन निघतं. तर हे नखाचं काम गाडीवर न ओरबाडता करायला जी वस्तू मिळते ती म्हणजे डिटेलिंग क्ले, दुकानात क्ले बार म्हणून मागा.

नावावर जाऊ नका, ही माती नाही. पॉलिब्यूटीन नावाचा रबरासारखा चिवट पदार्थ आणि त्यात मळलेली अगदी बारीक घासणारी पूड. जपानमधल्या तादाओ कोदाते यांनी ही बनवली, अमेरिकेत तिला १९९५ साली पेटंट मिळालं, आणि त्या पेटंटमध्ये तिचं नाव आहे घासायचा लवचिक दगड अशा अर्थाचं. मला हे नाव फार आवडतं कारण क्ले म्हटलं की लोक पोराच्या खेळण्यासारखी हाताळतात, दगड म्हटलं की आपोआप जपून हात चालतो. तुमच्या गाडीच्या रंगावरचा जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. घासायला तेवढाच आहे आपल्याकडे, गाडी विकेपर्यंत तोच पुरवायचा.

करायचं असं. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत गाडी सावलीत घ्या, बॉनेटवर हात ठेवून बघा, कोमट जरी लागलं तरी थांबा, कारण तापलेल्या पत्र्यावर पाणी लगेच उडून जातं. गाडी आधी शाम्पूने नीट धुवा, भरपूर पाण्याने, कोपरे आणि बंपरच्या फटीसुद्धा. तुम्ही म्हणाल दोनदा धुतलीय, पण ती शिंतोडे काढायला धुतली होती, ही धूळ काढायला धुवायची. क्लेखाली वाळूचा एक कण राहिला तर तोच चरे पाडतो. मग ओल्या गाडीवरच, पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं हलकेच फिरवून बघा. का ते विचारू नका, उघड्या हाताला जे गुळगुळीत वाटतं ते पिशवीतून रव्यासारखं टोचतं. कुठे कुठे लागतंय त्याचा नकाशा डोक्यात ठेवा.

क्लेची वडी अख्खी वापरायची नाही. तीन-चार तुकडे करा, एक घ्या, बाकीचे डब्यात. थंडीत कडक झाली असेल तर कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवा, मग पोळीच्या लाटीसारखी मळून तीन बोटांएवढी चपटी करा. दुसऱ्या हातात स्प्रेची बाटली, त्यात क्लेसोबत मिळणारं निसरडं पाणी, म्हणजे ल्युब्रिकंट, ते नसेल तर कार शाम्पू पाण्यात चांगला सढळ हाताने मिसळून. भांडी घासायचं लिक्विड मी वापरत नाही, काही जण वापरतात, त्यांचं त्यांना लखलाभ. दोन फूट बाय दोन फूट भाग घ्या, त्यावर भरपूर मारा, क्लेवरही मारा, आणि सरळ रेषेत पुढेमागे फिरवा. गोल गोल नाही. जोर अजिबात नाही, हाताचं वजनसुद्धा नको, बोटांनी नुसती धरून ठेवायची, साबणाची वडी ओल्या फरशीवर सरकते तशी सरकली पाहिजे. अडकली, ओढल्यासारखी वाटली, की थांबून अजून पाणी मारा. पाण्याची काटकसर इथे करायची नाही.

आणि कान द्या. पहिल्या चार-पाच हातांना बारीक खरखर आवाज येतो, बोटांनाही जाणवते. मग ती कमी होत जाते आणि एका हाताला अचानक आवाज बंद, क्ले लोण्यावरून गेल्यासारखी जाते. झालं, तो भाग संपला. उगाच अजून दहा हात मारायचे नाहीत. क्ले उलटी करून बघा, निळ्या गाडीवर केलं असेल तर त्यावर पांढरे कण दिसतील, शिऱ्यात राहिलेल्या कच्च्या रव्यासारखे. दुमडा, मळा, स्वच्छ बाजू वर आणा, पुढचा भाग. मायक्रोफायबरने पुसत चला, ल्युब्रिकंट वाळू देऊ नका.

मागच्या वर्षी माझ्याकडे अशीच एक निळी गाडी आली होती, तिच्या बॉनेटवर मी मधोमध टेप लावून एकच अर्धा भाग केला आणि मालकाला डोळे मिटून हात फिरवायला लावला. टेपच्या अलीकडे हात सरसर गेला, पलीकडे गेल्यावर त्याने चटका बसल्यासारखा उचलला. तुम्हीही आधी अर्धं बॉनेट करून बघा, फरक कळला की उरलेल्या गाडीला कंटाळा येत नाही. टप, बॉनेट, डिकी आणि काच मिळून पहिल्यांदा दोन-अडीच तास धरा.

एक अडचण येईल. बारीक शिंतोडे असे निघतील, पण कुठेकुठे रोलरमधून गळलेला मोठा थेंब असेल, चिंचोक्याएवढा, तो ओलाच पडलाय आणि पसरून घट्ट बसलाय. त्याला क्ले घासत बसू नका, आजूबाजूचा रंग खराब होईल आणि तो तिथेच हसत बसेल. बाहेरच्या भिंतीला लावतात तो रंग बहुतेक वेळा पाण्यातला ॲक्रिलिक असतो. साबणाच्या कोमट पाण्यात फडकं भिजवून त्यावर दहा मिनिटं ठेवा, मऊ पडला तर प्लास्टिकच्या जुन्या कार्डाची कड फडक्यात गुंडाळून हलकेच सरकवा. नाहीच हलला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी अर्धं अर्धं, कापसावर घेऊन थेंबावर मिनिटभर, मग पुसून धुवून टाका. हे आधी दाराच्या आतल्या चौकटीवर कुठेतरी करून बघा. ग्रिलला मारलेला ऑइल पेंट उडाला असेल तर तो याने सुटत नाही. त्याचे बारीक शिंतोडे क्लेने जातात पण जाड थेंब असतील तर डिटेलिंगवाल्याला, म्हणजे गाडीची सफाई-पॉलिश करणाऱ्याला, दाखवा.

सगळं झाल्यावर गाडीला वॅक्स किंवा सीलंट, म्हणजे रंग जपणारा वरचा थर, लावायचंच, त्याच दिवशी. क्लेने शिंतोड्यांबरोबर जुनं वॅक्सही गेलेलं असतं, गाडी उघडी पडलेली असते. आणि रंगकाम अजून संपलं नसेल तर हे सगळं आत्ता करूच नका हो! परांची उतरेपर्यंत गाडी दुसरीकडे लावा. ताडपत्री टाकून भागवायचा विचार असेल तर ती वाऱ्यात फडफडून रात्रभर गाडीच घासत बसते, शिंतोडे परवडले. आणि हो, हात लावायच्या आधी फोटो काढून ठेवा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कॉन्ट्रॅक्टरसमोर उपयोगी पडतात.

प्रश्न: माझी पांढरी गाडी रोज स्टेशनजवळ रुळांना लागून असलेल्या पार्किंगमध्ये असते. मागच्या दरवाजांवर आणि डिकीवर नारिंगी बारीक ठिपके आलेत. गॅरेजवाला म्हणाला बॉडीला गंज लागलाय, दोन दरवाजे आणि डिकी रंगवावी लागेल. गाडी दोनच वर्षांची आहे, इतक्यात गंज?
एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, गंज आहे पण तुमच्या गाडीचा नाही, रेल्वेचा आहे. रूळ आणि चाकं एकमेकांवर घासून लोखंडाची बारीक पूड उडते, ती गाडीवर बसते, पावसाळी हवेत तिथल्या तिथे गंजते आणि पांढऱ्या रंगावर नारिंगी ठिपका दिसायला लागतो. काळ्या गाडीवरही तेवढीच असते, फक्त दिसत नाही. रुळांजवळ न राहणाऱ्यांनीही खूश होऊ नये, आपल्याच गाडीच्या ब्रेकमधून अशीच पूड निघते आणि चाकांवर, दरवाजांच्या खालच्या भागावर जाऊन बसते. ठिपक्याच्या मधे जवळून बघितलं तर काळा टाचणीच्या टोकाएवढा कण दिसेल, तो लोखंडाचा. पत्रा आतून गंजला असता तर रंग फुगून वर आला असता, फोड आल्यासारखा. तसं कुठे दिसतंय का बघा. नसेल तर रंगवायचं नाव काढू नका.

इथे थेट क्लेला हात घालायचा नाही. आधी आयर्न रिमूव्हर म्हणून स्प्रे मिळतो तो. धुतलेल्या, थंड गाडीवर सावलीत मारायचा आणि तीन-चार मिनिटं बघत बसायचं. पांढऱ्या गाडीवर ही मजा बघण्यासारखी असते, प्रत्येक ठिपक्यातून जांभळा ओघळ सुटतो, जांभळं चोखून थुंकल्यासारखं. शेजारी विचारतील गाडीला काय झालं. लोखंडाबरोबर त्या औषधाची प्रक्रिया होऊन तो रंग येतो, आणि वास असा येतो की सांगायला नको, सडक्या अंड्यांच्या जवळपास, पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या औषधालाही असाच वास असतो कारण दोन्हीकडे घटक एकाच घराण्यातला आहे. हातमोजे घाला, औषध गाडीवर सुकू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवून टाका. बरेचसे ठिपके इथेच जातील. राहिलेल्यांसाठी मग वर सांगितलेली क्ले. हा क्रम उलटा केलात तर लोखंडाचे टोकदार कण क्लेमध्ये रुतून बसतात आणि तीच क्ले तुम्ही उरलेल्या दरवाजावर फिरवता. पार्किंग बदलता येत नसेल तर वर्षातून दोनदा हे करावं लागेल, एकदा पावसाळ्याआधी केलंत तर उत्तम.

भोसरीहून एकांनी लिहिलंय की शेजारी फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि ग्राइंडरच्या ठिणग्यांनी काचेवर खरखरीत काळे ठिपके झालेत. त्यांना एवढंच, की ठिणगी ही तापून लाल झालेली लोखंडाची कणी असते, ती काचेत आणि रंगात जळून आत बसते. कणी निघेल, तिने पाडलेला खड्डा राहील. वर्कशॉपवाल्याशी बोला, मधे पत्रा लावायला सांगा.

प्रश्न: व्हिडिओ बघून काळ्या गाडीला क्ले केली. गाडी गुळगुळीत झाली पण आता उन्हात बघितलं की सगळीकडे धूसर रेघा दिसतात. क्ले खराब होती का?
एक वाचक, नाशिक

उत्तर: क्ले खराब नसावी, पाणी कमी पडलं असेल किंवा जोर जास्त झाला असेल, किंवा लाल रंगाची कडक क्ले घेतली असेल. बऱ्याच कंपन्यांमध्ये निळी सौम्य आणि लाल जहाल असते, पण हा काही नियम नाही, पाकिटावर फाइन, म्हणजे सौम्य, लिहिलंय का ते वाचूनच घ्यायची. आणि काळ्या रंगाचं सांगायचं तर क्ले कितीही जपून केली तरी थोड्या रेघा येतातच, पांढऱ्या-चंदेरी गाडीवर त्या दिसत नाहीत म्हणून व्हिडिओवाला खूश असतो. काळ्या गाडीला क्ले करायची म्हणजे नंतर हलकं पॉलिश करायची तयारी ठेवूनच करायची. तुमच्या रेघा वरवरच्या असतील, सौम्य फिनिशिंग पॉलिश फोमच्या पॅडने मारलं की जातील. गॅरेजमधलं जाड रबिंग कंपाऊंड लोकरीच्या पॅडवर घेऊन मशीन फिरवायला मात्र देऊ नका.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून माझं सांगतो. अकरा-बारा वर्षांपूर्वी मेव्हण्याची काळी गाडी, घरचीच म्हणून बिनधास्त, गप्पा मारत काम चाललेलं. क्ले हातातून सटकून अंगणात पडली. उचलली, पाण्याने धुतली, वरून स्वच्छ दिसली, म्हटलं एवढ्याशासाठी नवा तुकडा कशाला काढा. पुढच्या दरवाजावर दुसऱ्याच हाताला असा आवाज आला की माझ्या अंगावर काटा आला. वीतभर लांब तीन चरे, नख अडकेल इतके खोल. क्ले चिकट असते, जमिनीवरची वाळू पोटात घेते आणि धुतल्याने सोडत नाही. दरवाजा माझ्या खर्चाने रंगवून दिला आणि मेव्हणा अजून दर भाऊबीजेला विषय काढतो. तेव्हापासून पडलेला तुकडा सरळ कचऱ्यात, मग तो पाकिटातून आत्ता काढलेला का असेना. वडीचे तुकडे करून घ्या म्हणतो ते यासाठीच.

प्रश्न: बेसमेंट पार्किंगच्या स्लॅबमधून पाणी ठिबकून बॉनेटवर पांढरे ओघळ वाळलेत. क्ले घासून घासून हात दुखले पण जात नाहीत.
एक वाचक, वाकड, पुणे

उत्तर: थांबा, घासू नका. तो रंग नाही, स्लॅबमधून झिरपताना पाण्याने सिमेंटमधला चुना आणलाय आणि तो तुमच्या बॉनेटवर दगड होऊन बसलाय. क्ले वर बसलेलं काढते, हे चावून बसलेलं आहे. चुन्याला आंबटच लागतं. साधं पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, कापडाचा तुकडा भिजवून ओघळावर दोन-तीन मिनिटं, मग भरपूर पाणी, लागलं तर परत. एकाच दिवशी हट्टाने सगळं काढायचं नाही. बोअरच्या पाण्याचे गोल डागही असेच जातात. नुकतेच असतील तर पूर्ण जातात, महिना-दोन महिने उलटले असतील तर चुन्याने खालचा क्लिअर कोट खाल्लेला असतो आणि पांढरं गेल्यावर त्याच आकाराची सावली उरते, ती पॉलिशनेच कमी होते. पक्ष्यांच्या विष्ठेच्या जुन्या डागांचंही हेच, त्यांना क्ले लावून काही उपयोग नाही. आणि गळती बंद होईपर्यंत गाडी दोन फूट मागे घ्या की राव.

प्रश्न: मुलाच्या खेळण्यातली क्ले किंवा गणपतीची उरलेली शाडूची माती चालेल का? विकतची महाग वाटते.
एक वाचक, सांगली

उत्तर: शाडू खरीखुरी माती आहे, गाडीवर फिरवलीत तर पॉलिश पेपरच फिरवला समजा. खेळण्यातली क्ले काही चरे पाडणार नाही बहुतेक, पण काढणारही काही नाही, उलट तिचा तेलकट रंग गाडीला लागेल. विकतच्या १०० ग्रॅमच्या वडीत छोटी गाडी तीन-चार वेळा होते, मित्रात वाटून घ्या.

प्रश्न: गाडीवर सिरॅमिक कोटिंग आहे, क्ले करू का? आणि मॅट रंगावर?
एक वाचक, पणजी

उत्तर: मॅटवर नाही, चुकूनही नाही, जिथे घासाल तिथे चकाकी येईल आणि ती परत जाणार नाही. कोटिंगवर करता येते पण कोटिंगही थोडं घासलं जातं, तेव्हा आधी आयर्न रिमूव्हर मारून बघा, त्याने भागलं तर क्ले नको. नाहीच भागलं तर कोटिंग ज्याने केलंय त्यालाच करू द्या.

प्रश्न: वायपरचं रबर बदललं तरी काच पुसताना थडथड उडतं आणि रेघा सोडतं. काच बदलू का?
एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: काच बदलायच्या आधी तिच्यावरून क्ले फिरवा. काचेवर धुराची चिकटाई, झाडाचा चीक, डांबराचे बारीक थेंब असं कायकाय बसलेलं असतं, पाण्याने ते जात नाही आणि रबर त्यावरून उड्या मारत जातं. गाडीच्या अंगावर वापरून झालेला मळका तुकडा असतो ना, तो काचेसाठी राखून ठेवायचा, काच रंगापेक्षा कितीतरी कडक, तिला तो चालतो, फक्त पाणी तेवढंच मारा आणि तो तुकडा परत रंगावर आणू नका. काच करून झाली की वायपरच्या रबराची कडही ओल्या फडक्याने पुसून घ्या, फडकं काळं होईल, दोन-तीनदा पुसा.